तबला बीट सायन्सचा 'ताला मॅट्रिक्स' कुणी ऐकलाय का?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, संगीत विभागात बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मामाचं घर गावभागात. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं, आणि ओसरल्यावर जे उरलं ते खोक्यांत भरून माळ्यावर टाकलं होतं. ते परवा खाली काढलं. कॅसेटी गेल्या त्या गेल्याच, रिळांवर गाळ बसून घट्ट झालेल्या. सीड्यांच्या खोक्यात मात्र एक डबी निघाली. आतली पुस्तिका भिजून वाळल्यामुळे एकसंध पुठ्ठा झालेली, पानं सुटेनात. तबकडी साबणाच्या पाण्यात धुतली, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा पडला की सीडी हमखास अडकते) आणि मामाच्याच जुन्या डीव्हीडी प्लेअरला लावली. चालली.

तबला बीट सायन्स, 'ताला मॅट्रिक्स'. साल २०००.

आता यात कोण आहे बघा. झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तल्वीन सिंग आणि कर्ष काळे. सारंगीला उस्ताद सुलतान खान. हा सगळा बारदाना जमवणारा बिल लासवेल हा अमेरिकन बेसवादक आणि निर्माता. १९८३ साली हर्बी हॅनकॉकच्या 'फ्यूचर शॉक'मधून ड्रम मशीन आणि रेकॉर्ड घासण्याचा आवाज जॅझवाल्यांच्या घरात शिरला, त्यामागेही हाच माणूस होता. 'ॲक्झिअम' हे लेबलही त्याचंच.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर त्यांच्या 'शक्ती' बँडचे व्हिडिओ आले, चहाची जाहिरात आली, 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम आला. या अल्बमचं नाव एकाही माणसानं काढलं नाही. मामाकडे तो कसा आला हे मामालाही सांगता येत नाही.

ऐकून माझं एक मत झालंय, ते मांडायला हा धागा. तबल्याच्या सोलोला लेहरा लागतो. पेटी किंवा सारंगी सोळा मात्रांची एकच ओळ तासभर फिरवत राहते. वाजवणाऱ्यानं ती ओळ हलवायची नाही, सजवायची नाही. त्या भरवशावर तबलजी पेशकार, कायदा, रेला (दाट, जलद बोल) अशा रचना घेऊन वाटेल तिथे हिंडून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) परत येतो. म्हणजे लूप आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून आहे, फक्त तो माणूस वाजवायचा. या अल्बममध्ये लेहऱ्याची ड्यूटी मशीनच्या ठोक्याला आणि लासवेलच्या बेसला लावलीय. त्यामुळे तबला तर मोकळा झालाच, पण खरी सुटका झाली ती सारंगीची. तबल्याच्या सोलोत सारंगियाला एरवी जन्मठेप असते. इथे सुलतान खान ओळ धरून बसत नाहीत. गायल्यासारखे वाजवतात, मध्येच थांबतात, दोन-तीन आवर्तनं नुसती जाऊ देतात आणि भलत्याच सुरावर परत येतात.

नेहमीच्या फ्यूजनमध्ये गाणं आधी शिजतं आणि तबला वरून कोथिंबिरीसारखा भुरभुरतात. तो प्रकार इथे नाही. अख्खी रचना तबल्याच्या हिशोबानं बांधलीय.

कुणी ऐकला असेल तर लिहा. याच्या आगेमागे काय ऐकावं तेही सांगा.


भडंग_चुरमुरे

वाखुसा (वाचनखूण साठवली). रात्री निवांत वाचतो. साबणाचं पाणी कॅसेटीला चालतं का?


कृष्णाकाठ (सांगली)

@भडंग, कॅसेटीला अजिबात करू नका.


आडवा_डग्गा (मिरज)

लेख आवडला, निष्कर्ष अर्धाच पटला.

लेहऱ्याला खाली असते, हे तुम्ही सोडून दिलंत. तीनतालात पहिल्या मात्रेला सम आणि नवव्या मात्रेला खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा झालं की धा तिं तिं ता येतं आणि डग्ग्याचा (डाव्या हाताच्या, जाड आवाजाच्या वाद्याचा) घुमारा बंद होतो. चांगल्या लेहऱ्याची ओळसुद्धा तिथे वळते. डोळे मिटून बसलेल्यालाही आवर्तनाच्या कुठल्या अर्ध्यात आहोत ते कळतं. मशीनचा किक ड्रम मात्र तिथेही तेवढ्याच इमानानं ढुम करतो. डग्ग्याच्या गप्प बसण्याला अर्थ असतो, आणि नेमक्या त्या जागेवर किक आला की खाली गिळली जाते. हे नुसतं आवडीनिवडीचं दुखणं नाही, तालाचं व्याकरणच जातं त्यात.

दुसरं. लोक मोठ्या कौतुकानं सांगतात की रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनला सोळा बटणं आणि तीनतालाच्या मात्राही सोळा, बघा कसं जुळलं! काही जुळत नाही. ती सोळा बटणं म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे, आपल्या हिशोबात चार मात्रांची चौगुन (चौपट लय). अख्खा तीनताल भरायला तसले चार पट्टे एकापुढे एक लावावे लागतात. आणि बहुतेक जण एकच पट्टा चार वेळा लावतात, म्हणजे समेला आणि खालीला एकच कपडे.


यवतेश्वर_घाट (सातारा)

डग्गासाहेबांना +१. पण एका नावावरून सगळे सरळ पुढे गेले म्हणून लिहितो.

त्रिलोक गुर्टू म्हणजे शोभा गुर्टूंचे चिरंजीव. शोभाताईंचा जन्म बेळगावचा, १९२५ चा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. म्हणजे आजी जयपूर घराण्याच्या तालमीतली, आई ठुमरी-दादऱ्याची राणी, आणि नातू लासवेलच्या स्टुडिओत. १९८८ च्या 'उस्फ्रेट' या अल्बममध्ये त्रिलोकनं आईलाच गायला बसवलं होतं, ट्रंपेटला डॉन चेरी! ज्याला 'ताला मॅट्रिक्स' आवडला त्यानं 'उस्फ्रेट' ऐकल्याशिवाय राहू नये. त्यात मशीन जवळजवळ नाहीच, पण धाडस तेच आहे.

त्याचा वाद्यसंच कुणी पाहिलाय का? स्टूल नाही, गुडघ्यावर बसून वाजवायचं. पायानं वाजवायचा मोठा ड्रम नाही. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला झांजा, आणि शेजारी पाण्यानं भरलेली बादली. झांज वाजवायची आणि नाद चालू असतानाच ती पाण्यात बुडवायची, की सूर वाकत खाली उतरतो. सिंथेसायझरवाले चाक फिरवून जे करतात ते हा बादलीत करतो. त्यामुळे 'हे खरं वाद्य आणि ते मशीन' अशी सरळ रेघ मला त्याच्या बाबतीत तरी मारता येत नाही.

अजून एक. झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले आणि हा अल्बम त्याच सालचा. आपल्याकडे ते वर्ष खाँसाहेबांच्या आठवणींत गेलं, परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक अल्बमकडे बघायला कुणाला सवड होती?


नाट्यपंढरी

आणि कर्ष काळे म्हणजे आपलेच काळे ना? त्यांना कुणीतरी जेवायला बोलवा रे.


कृष्णाकाठ (सांगली)

@नाट्यपंढरी, आडनावावरून तरी आपलेच! जन्म इंग्लंडचा, वाढला न्यूयॉर्कला. त्याचा 'रिअलाइझ' (२००१) याच वळणाचा आहे, जास्त गुळगुळीत आणि जास्त गाण्यासारखा. ज्यांना लासवेलचा काळोखी बेस झेपत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी.

@आडवा_डग्गा, खालीचा मुद्दा एक नंबर, पण किक नेमका कुठे पडतो ते धरून बोलू. क्लबातल्या हाऊस संगीतात चारही ठोक्यांवर किक असतो, तिथे तुमचं शंभर टक्के खरं. लासवेल मात्र डबच्या घराण्यातला. जमैकात सत्तरच्या दशकात किंग टबीसारख्या साउंड इंजिनिअरांनी हे तंत्र काढलं. तयार गाण्यातून एकेक वाद्य काढून घ्यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पडसाद सोडायचे. त्यात ठोका विरळ असतो. चारात एक किक, एक स्नेअर, बाकी मैदान मोकळं. तिथे डग्गा गप्प झालेला स्वच्छ कळतो. जिथे ठोका दाट होतो, ड्रम अँड बेस या क्लब संगीताच्या मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपासच्या लयीत, तिथे खाली सापडत नाही, यावर आपलं भांडण नाही.


साउंडवाला_तासगाव

काय राव, आमच्या बेंजो पार्टीत ऑक्टापॅड आणि ढोलकी किती वर्सं एका जागी वाजतंय, त्याला कुणी अल्बम म्हणलं न्हाय. आता अमेरिकेतनं आलं की धागा निघतोय. चालायचंच.

तरीपण ऐकला. सांगतो कशावर ते. गणपतीत डॉल्बीला लावतो त्यातला एक टॉप आणि एक बेसचा खोका घरात हाय, त्यावर. शेजारी आले बघायला. हे फोनच्या स्पीकरवर ऐकून कुणी मत देऊ नका. १०० हर्ट्झच्या खालचं त्यातनं येतच न्हाय, म्हंजे लासवेलचा बेस गेला आणि डग्ग्याचं पोट बी गेलं. मग ऱ्हातंय काय, तर चाटीची (तबल्याच्या कडेची) टिकटिक. त्यावरून म्हणणार, तबला पातळ वाटतोय.

आता खरी मेख. डग्गा आणि बेस गिटार एकाच पट्ट्यात राहत्यात. दोघं एका दारातनं एकदम आत येऊ बघत्यात. मिक्सिंगवाला कच्चा असला की दोघांचाबी चिखल हुतोय. आमच्या लायनीत तर रोजचं हाय हे, डग्ग्याला आवाज द्यावा तर बेस गुरगुरतोय. ह्या माणसानं काय केलंय बघा, डग्ग्यानं मींड घेतली, म्हंजे सूर ओढला, की बेस थांबतोय. डग्गा गप्प झाला की बेस बोलतोय. म्हंजे कृष्णाकाठ म्हणतोय तसा बेस नुसता लेहरा धरून बसलेला न्हाय, जुगलबंदी हाय ती. लय भारी काम.


कृष्णाकाठ (सांगली)

साउंडवाले, दंडवत! हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला पाहिजे.


सारिका_मावशी (कराड)

मी संगीतातली जाणकार नाही, पण सुलतान खान म्हटल्यावर राहवेना. २००० सालीच 'पिया बसंती' आलं होतं, चित्रा आणि त्यांचं. आमच्याकडे केबलवर दिवसातून कितीदा लागायचं! कॉलेजातल्या पोरीसुद्धा त्यांच्या खर्जातल्या आवाजावर फिदा. त्याच वर्षी हे गृहस्थ असलंही काहीतरी वाजवत होते हे आजच कळलं. लेकानं लावून दिलं. दोन ट्रॅक ऐकले. सारंगी आली की छान वाटतं, मध्ये जे यंत्र चालू झाल्यासारखं वाजतं ते मला सोसत नाही बाई. मुलगा म्हणतो, आई, तेच तर खरं आहे.


तरफ (मिरज)

आमच्या घरात तंबोरे करतात, म्हणून सारंगीबद्दल आणि तंबोऱ्याबद्दल चार शब्द.

सारंगीला वाजवायच्या मुख्य तारा तीन, आतड्याच्या. त्याखाली तरफा, म्हणजे न छेडता घुमणाऱ्या तारा, ३५ च्या पुढे. गज फिरतो तीन तारांवर, पण घुमतात त्या तरफा. गज उचलल्यावरही त्या काही क्षण बोलत राहतात. आता कॉम्प्युटरवर लूप करायचा म्हणजे एक तुकडा कापून त्याचं शेपूट त्याच्या डोक्याला जोडायचं. सारंगीचा तुकडा असा कापला की तरफांचा नाद मध्येच तुटतो, आणि दर फेरीला तुटतो. कान तयार असेल तर त्या जोडावर ठेच लागते. म्हणून सारंगी किंवा तंबोरा लूपवर घातलेलं संगीत मला दोन मिनिटं ऐकवत नाही. या अल्बममध्ये सारंगी सलग वाजवलेली वाटते. माणूस बसलाय आणि वाजवतोय. बीट मशीनचा आणि सूर माणसाचा, ही वाटणी योग्य आहे.

तंबोऱ्याचंही तेच. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावताना आम्ही केसाएवढा दोरा इकडे-तिकडे करतो, तेव्हा कुठे तार उघडते. आणि उघडलेली तार दर वेळी तशीच उघडत नाही. छेडणाऱ्या बोटाचा जोर बदलतो, हवा बदलते, पावसाळ्यात भोपळा वेगळा बोलतो. फोनवरच्या तंबोऱ्यात हे काही होत नाही. सरावाला तो उत्तम आहे, मी स्वतः वापरतो, घरात डझनभर तंबोरे टांगलेले असताना! पण मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या न मोजता येणाऱ्या कामासाठीच, असं आम्ही समजतो.

माझी एकच तक्रार. सारंगीवर इतका पडसाद चढवलाय की तरफा कुठे संपतात आणि मशीनचा घुमारा कुठे सुरू होतो ते काही ठिकाणी कळेनासं होतं. ज्या वाद्याच्या पोटातच पडसाद आहे त्याला वरून आणखी कशाला?


जुनी_फीत (विश्रामबाग)

तरफसाहेबांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तबल्याच्या बाजूनं देतो, कारण पडसाद हा या अल्बमचा निम्मा जीव आहे आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही.

डबमधला पडसाद म्हणजे दरीत हाक मारल्यावर येतो तसला ढगळ प्रकार नव्हे. तो लयीत मोजून लावतात. समजा लय मिनिटाला १२०, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पडसाद पाऊण मात्रेवर लावला, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर. आता 'ना' वाजवा. मात्रेवर 'ना', पाऊण मात्रेवर त्याचं भूत, दीड मात्रेवर भुताचं भूत, मग सव्वादोनवर, मग तीन मात्रांनी पुन्हा नेमकं मात्रेवर. तबलजीनं सरळ एकेका मात्रेला एकेक बोल वाजवला तरी कानाला रेल्यासारखी जाळी ऐकू येते. ज्यांनी आडीचा (दीडपट लयीचा) रियाज केलाय त्यांना यात काय गंमत आहे ते लगेच कळेल.

आता यात तबलजीची परीक्षा आहे. तो नेहमीसारखा दाट वाजवत राहिला तर त्याचे बोल आणि पडसाद एकमेकांवर आदळतात, नुसता कालवा. म्हणजे त्यानं जागा सोडायला शिकलं पाहिजे. झाकीरभाईंसारखा माणूस, ज्याच्या बोटात कितीही वेग आहे, तो इथे दोन बोल वाजवून थांबतो आणि मशीनला उरलेलं वाजवू देतो, ही या अल्बममधली मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. मैफलीत टाळी मिळते ती वेगाला. इथे टाळी द्यायला समोर कुणी नाही.

तल्वीन सिंगचं नाव कुणी फारसं घेतलं नाही. तबला थेट मशीनमधून नेऊन वाजवण्यात तो या चौघांत सर्वांत मुरलेला. त्याच्या 'ओके' या अल्बमला १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं होतं, लंडनला त्याच्या नावाचा दबदबा होता.


अनवट_राग

हे सगळं ठीक, पण या सगळ्यांच्या आधी आपल्या मुंबईत चरणजित सिंग होऊन गेले. १९८२ चा 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही सिंथेसायझर, बस्स. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाला तेव्हा जग वेडं झालं. दुर्लक्षित म्हणायचं तर त्याला म्हणा.


आडवा_डग्गा (मिरज)

@अनवट_राग, धाग्याचं काश्मीर करू नका, म्हणजे धागा भलतीकडे नेऊ नका. त्यात हाताचं वाद्य एकही नाही, सगळं मशीनवर. इथे प्रश्न हात आणि मशीन शेजारी बसल्यावर कोण कुणाला सांभाळतो हा आहे. चरणजित सिंगांवर वेगळा धागा काढा, मी येतो.

आणि हो, 'ताला मॅट्रिक्स' काल पुन्हा ऐकला, साउंडवाल्यांचं ऐकून मोठ्या स्पीकरवर. हातावर मात्रा धरून बसलो होतो. विरळ ठोक्याच्या जागी खाली सापडली, डग्गा उचललेला स्पष्ट ऐकू येतो आणि बेसही तिथे मागे सरतो. दाट ठोक्याच्या जागी सम तेवढी कळते, ती तिहाईमुळे (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात ती). मधली सगळी वाट अंधारात. तिहाई संपली की 'आलो बुवा' असं होतं. तुमच्या लेहऱ्याच्या सिद्धांताला माझ्याकडून पासष्ट टक्के, फर्स्ट क्लास. डिस्टिंक्शन नाही.


यवतेश्वर_घाट (सातारा)

डग्गासाहेबांकडून पासष्ट म्हणजे विद्यापीठात पहिला!


कृष्णाकाठ (सांगली)

उरलेल्या पस्तीससाठी एक सुचवतो. यांचाच २००२ चा दोन सीड्यांचा संच आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्न ग्रोव्हमधल्या खुल्या मैफलीचा. झाकीरभाई, सुलतान खान आणि लासवेल आहेतच, शिवाय इथिओपियाची गायिका गिगी आणि रेकॉर्ड घासायला डीजे डिस्क. तुमच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं म्हणजे तिथे कर्ष काळे ड्रमसेटवर बसलाय. स्वतः तबला वाजवणारा माणूस किकच्या पॅडलवर पाय ठेवून. त्याचा पाय नवव्या मात्रेला काय करतो ते मात्रा धरून ऐका आणि इथेच लिहा.


साउंडवाला_तासगाव

मिळाला तर घरी आणा, खोका हायच. रविवारी दुपारी, पाचनंतर नको, शेजारी बोलत्यात.